संकल्प सोडणे म्हणजे काय?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मराठीत आपण व्रत धरतो, उपवास करतो, नवस बोलतो आणि संकल्प मात्र सोडतो. ज्या गोष्टीचा निश्चय करायचा ती सोडायची कशी, असा प्रश्न लहानपणी मला नेहमी पडायचा. उत्तर तसं साधं आहे. आचमन करून उजव्या हातावर पळीभर पाणी घ्यायचं, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार करायचा, आपलं नाव-गोत्र सांगायचं, काय करणार आणि कशासाठी करणार ते बोलायचं आणि ते पाणी ताम्हनात सोडायचं. म्हणून संकल्प 'सोडणे'. पण आपल्या भाषेतले शब्द उगाच रुळत नाहीत. निश्चय करणं आणि सोडून देणं या दोन क्रिया एकाच ओंजळीत होतात, हे त्या शब्दाने जपून ठेवलं आहे.

हा विषय घेण्याचं कारण असं. दर मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधीचा गुरुचरित्राचा सप्ताह बसला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी ना कुणी मंदिराच्या ओट्यावर मला गाठतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "काका, मन शांत व्हावं म्हणून बसलो, पण जुनं जुनं सगळं वर येतंय. माझं काही चुकतंय का?" विचारणारे बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे, नाकासमोर चालणारे संसारी लोक. वर काय येतं? वडील जाताना एक शब्द बोलले नाहीत ते. भावाने चारचौघांत काढलेलं उणं. सासरी पहिल्या वर्षी ऐकून घेतलेलं एखादं वाक्य. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं, विसरलो असं वाटणारं. माझं उत्तर एकच असतं: काही चुकत नाही. संकल्प खरा असेल तर असं होतंच, आणि ते होणं हाच त्याचा निम्मा उपयोग आहे. हे म्हणणं जरा उलगडून सांगतो.

आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन शब्दप्रयोग आहेत. 'पोटात घालणे' आणि 'पोटात ठेवणे'. अपराध पोटात घातला म्हणजे क्षमा केली, विषय संपला. गोष्ट पोटात ठेवली म्हणजे कुणाला सांगितली नाही, ती आत तशीच आहे. आयुष्यात बरेचदा आपण ठेवलेलं असतं आणि घातलं असं समजून चालत असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणूस गप्प असतो, हसतो, लग्नाकार्याला जातो. फरक कळतो तो वर्षांनी. ज्याने पोटात घातलं तो हलका झालेला असतो. ज्याने ठेवलं त्याला कारण नसताना राग येतो, झोप लागत नाही, नातवंडांवर ओरडणं होतं.

आमच्या शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात तर याची उदाहरणं शोधायला जावं लागत नाही. नगर रस्त्याच्या कडेने कारखाने आले, जमिनींना भाव आला आणि बांधावरची भांडणं कोर्टात जाऊन बसली. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क मिळाला. त्या हक्काबरोबर हक्कसोडपत्राचा कागदही घराघरांत आला. बहीण येते, सही करते, जेवणखाण होतं, साडीचोळी होते. "मला काय करायचंय जमीन, माहेर तुटू नये म्हणजे झालं," असं म्हणते आणि गाडीत बसते. कागदावर हक्क सुटतो. मनातून काय सुटलं आणि काय अडकलं, हे तिला कुणी विचारत नाही. भावालाही कुणी विचारत नाही, की सही घेताना तुझा हात थोडा तरी अडखळला का? दोघंही पोटात ठेवतात. मग दिवाळीत भाऊबीज होते, ओवाळणीचं ताट येतं, पण ताटाकडे बघणारे डोळे वर होत नाहीत.

अशा ठेवलेल्या दुःखाला हात कसा घालायचा? "मनात काय आहे ते बोला" असं म्हटलं तर आपल्याकडचा साठीचा माणूस काहीच बोलणार नाही. त्याला सवय नाही, आणि खरं म्हणजे काय आहे ते त्यालाही धड ठाऊक नसतं. इथे संकल्प उपयोगी पडतो. कसा, ते गुरुचरित्रातच सापडतं.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी चाळिसावा अध्याय येतो. नरहरी नावाचा ब्राह्मण गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींकडे येतो. अंगावर कुष्ठ आहे. पण त्याचं गाऱ्हाणं नीट ऐका. रोगाच्या वेदनेपेक्षा लोक आपलं तोंड पाहत नाहीत, आपली निंदा करतात, हे त्याला जास्त झोंबलं आहे. तीर्थं झाली, व्रतं झाली, आता जीव द्यावा इथवर तो आला आहे. स्वामी त्याला काय देतात? औदुंबराचं एक वाळकं लाकूड. ते संगमावर रोवायचं आणि दिवसातून तीन वेळा पाणी घालायचं. बस. लोक हसतात. वाळलेल्या लाकडाला कधी पालवी फुटते का, म्हणतात. तो पाणी घालत राहतो. पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो, लाकडाला पालवी फुटली आणि नरहरी शुद्ध झाला.

हा अध्याय चमत्कार म्हणून आपण ऐकतो, तो तसा आहेच. पण मधले दिवस बघा. ज्या माणसाला लोकांची नजर सहन होत नव्हती, त्याला स्वामींनी असं काम दिलं की दिवसातून तीन वेळा लोकांच्या नजरेसमोर, त्यांचं हसणं झेलत, घाटावर जावं लागेल. तो लपला असता तर काम झालं नसतं. काम करायचं तर लाज ओलांडावी लागणार. रोग अंगावर होता, गाठ मनात होती, आणि पाण्याचा प्रत्येक घडा त्या गाठीवरून जात होता. दिलेलं काम किती लहान होतं हेही बघावं. "झाड उगवून दाखव" असं स्वामींनी सांगितलं नाही. पाणी घाल, एवढंच सांगितलं. जे त्याच्या हातात होतं ते त्याचं, उरलेलं गुरूंचं.

लहान, ठरलेल्या मुदतीचा, स्वतःच्या हातातला संकल्प केला, की तो कुठे ना कुठे अडतो. जिथे अडतो, तिथे गाठ असते. एक उदाहरण सांगतो, ओळख पटेल असं त्यात काही ठेवत नाही. एका गृहस्थांनी सात दिवस पहाटे पायी दर्शनाला यायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जमत नाही, फार लांब पडतं." अंतर विचारलं तर सरळ वाटेने पाच मिनिटांचं. पण ते सरळ वाटेने येतच नव्हते, गावाला वळसा घालून येत होते. सरळ वाटेवर थोरल्या भावाचं दार. वाटणीनंतर अकरा वर्षं त्या दारावरून ते गेले नव्हते, आणि आपण जात नाही हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. पायांना सवय झाली होती. 'भावाशी माझं काही वैर नाही, विषय संपला' असं ते मनापासून सांगत. संकल्पाने एवढंच केलं की वळसा दाखवला. चौथ्या दिवशी त्यांनी नवा संकल्प केला: उद्या सरळ वाटेने यायचं. बोलायचं नाही, थांबायचं नाही, फक्त यायचं. आले. ओट्यावर बसून बराच वेळ डोळे पुसत होते. आठवडाभराने त्या दारापाशी "बरं आहे ना दादा?" एवढं विचारून झालं. दादा "हं" म्हणाले. अजून दोघांत जेवणखाण नाही. पण वळसा सुटला.

मनाचे वैद्यही याच वाटेने जातात हे मला पुढे वाचनातून कळलं. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. तरुणपणी ते फार बुजरे, मुलींशी बोलायची छाती नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच काम घालून दिलं: न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर बसलेल्या शंभर स्त्रियांशी आपणहून बोलायचं. आपल्या पिढीला हे वाचून हसू येईल. शंभरांतून एकच जण पुन्हा भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. म्हणजे बाहेरून पाहिलं तर संकल्प साफ फसला. पण नकाराने आपलं काही बिघडत नाही हे त्यांना शंभर वेळा कळलं आणि भीती गेली. पुढे १९५५ च्या सुमाराला त्यांनी जी उपचारपद्धती उभी केली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. किशोर फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखनात ती आपल्या अध्यात्मविचाराच्या शेजारी येऊन बसलेली दिसते.

आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. व्यसन सुटावं म्हणून झगडणाऱ्यांमध्ये जगभर एक रीत आहे, ती म्हणजे फक्त आजच्या दिवसाचा संकल्प. जन्मभर दारू पिणार नाही, अशी शपथ नको. आज पिणार नाही, एवढंच. उद्याचं उद्या. बायकामुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा किती टिकतात हे आपण गावागावात पाहिलं आहे. एका दिवसाची शपथ टिकते, आणि त्या कोरड्या दिवशी माणसाला पहिल्यांदा कळतं की आपण कशावर पांघरूण घालायला पीत होतो.

आता कुणी अभ्यासू वाचक मला अडवतील. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर सगळे संकल्प टाकणाऱ्यालाच योगी म्हटलं आहे. मग भक्ताने ध्येयं ठरवत बसावं, की सगळं दत्तमहाराजांवर सोपवावं? शंका योग्य आहे. तिचं उत्तर दत्तमहाराजांच्याच गुरूंकडे आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. बाणाचं टोक सरळ करण्यात तो इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला पत्ता नाही. हा ध्येयाचा गुरू. त्याच चोवीसांत पिंगला आहे. कुणी धनवान येईल या आशेने ती अर्धी रात्र दारात आत-बाहेर करत राहिली, शेवटी आशा सोडली आणि सुखाने झोपली. ही सोडण्याची गुरू. अवधूतांनी दोघांनाही नमस्कार केला आहे. मग दोघांत विरोध कसा असेल? बारकाईने बघा. कारागिराचं लक्ष स्वतःच्या हातातल्या कामावर होतं. पिंगलेचं सुख दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेलं होतं. जे टाकायचं ते हे दुसरं. भावाने माफी मागावी, सुनेने मान द्यावा, मुलाने फोन करावा, असा संकल्प करायचा नसतो. त्या आशा आहेत आणि त्या रात्रभर दारात उभं करतात. मी भावाच्या दारावरून जाईन, मी सुनेचं एक काम तोंडभर वाखाणीन, मी मुलाला फोन करीन आणि त्याने बोलायच्या आधी तक्रार करणार नाही, हे संकल्प. करणं आपलं, फळ ताम्हनात. म्हणूनच तो शब्द 'सोडणे' आहे.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, थोडी टोचेल. संकल्पाने गाठ उघडते तशी झाकताही येते. मोठ्या आकड्यांचे संकल्प बरेचदा झाकण्यासाठी असतात. एकशे आठ पारायणं, सव्वा लाख जप, वर्षभर दर पौर्णिमेला गाणगापूर. हे भक्तीने करणाऱ्यांना माझं साष्टांग वंदन. पण घरात बायकोशी दोन वर्षं नीट बोलणं नाही आणि माणूस जपाचा आकडा मोजतो आहे, तर तो जप करतोय की घरापासून लपतोय, हे त्याने स्वतःलाच विचारावं. कसोटी सोपी आहे. ज्या संकल्पाने घरी परत येणं सोपं होतं, तो खरा. ज्याने घराबाहेर राहायला आणखी एक कारण मिळतं, त्याकडे पुन्हा एकदा पाहावं.

तिसरी शंका बायकांकडून हमखास येते. "गाडलेली मढी कशाला उकरायची? झालं गेलं गंगेला मिळालं." या म्हणण्यात शहाणपण आहे. आपल्याला उकरायचं नाहीच. भांडणाचा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा नाही, कोण चुकलं याचा निवाडा करायचा नाही. आपण फक्त आपलं ठरलेलं लहान काम करत राहायचं आणि वाटेत जे आपोआप वर येईल त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. सप्ताहात बोलणं कमी होतं, टीव्ही बंद असतो, मोबाईल बाजूला असतो, खाणं हलकं असतं. रोज ज्या गोंगाटाखाली आपण दुःख दडपतो तो गोंगाट थांबतो. म्हणून ते वर येतं. आलं, पाहिलं, रडलो, की बहुतेक वेळा ते आपल्या वाटेने जातंही.

पण बहुतेक वेळा, नेहमी नाही. काही दुःखं संकल्पाच्या आवाक्याबाहेरची असतात. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, जगू नये असं वाटतं, तर तो आजार आहे आणि आजाराला डॉक्टर लागतो. मधुमेहाची गोळी आपण प्रसादाबरोबर घेतोच ना, तशीच मनाची गोळी घ्यावी. नरहरीची कथा ऐकवून कुणाला "औषध बंद कर, पारायण कर" असं कृपा करून सांगू नका. तो अधिकार आपला नाही. सरकारची 'टेली-मानस' नावाची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. हा क्रमांक पोथीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा, आपल्याला नाही तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता यंदाच्या जयंतीला कुणाला असा संकल्प करायचा असेल, तर सुचतं ते सांगतो. संकल्प असा असावा की तो पूर्ण करायला दुसऱ्या कुणाची परवानगी किंवा कृपा लागू नये. तो इतका लहान असावा की सांगताना थोडा संकोच वाटावा. त्याला मुदत असावी, सात दिवस पुष्कळ झाले. आणि शेजारी एक वही असावी. वहीत रोज झालं की नाही झालं तेवढंच लिहून भागायचं नाही. नाही झालं त्या दिवशी 'त्या वेळी काय आठवलं?' हे एक ओळ लिहायचं. सात दिवसांत तीनदा एकच नाव किंवा एकच जागा आली, तर गाठ सापडली असं समजावं. मग ती एका विश्वासाच्या माणसाला सांगावी. गुरुचरित्रात नामधारकही असाच निघतो. गुरूंना भेटायचं एवढं एकच ठरवून तो गाणगापूरची वाट धरतो, आणि त्या वाटेवर त्याच्या मनात साठलेली सगळी तक्रार बाहेर पडते. तो प्रत्यक्ष गुरूंनाच बोल लावतो. दमून झोपतो, स्वप्नात योगी दिसतात आणि मग सिद्ध भेटतात. त्याची तक्रार पोटात राहिली असती तर पुढची पोथीच झाली नसती. तक्रार बोलून झाल्यावरच त्याला ऐकता आलं.

दत्तजन्म सायंकाळी होतो. पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, आणि गर्दीत कधी कधी दोन माणसं शेजारी उभी राहतात, ज्यांना एकमेकांकडे पाहायचं नसतं. यंदा तुमच्या शेजारी तसं कुणी आलं, तर फार काही करू नका. प्रसादाचा द्रोण आधी त्यांच्याकडे सरकवा. त्यांनी घेतला तर ठीक, नाही घेतला तरी ठीक. तुमच्या ओंजळीतलं पाणी तुम्ही सोडलेलं असेल.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.